वर्षाराणीचा रस्ता कोणाकोणाला दिसतो

समजा, तुम्हाला एकवीस किलोमीटर पळायचंय. लगेच नाही, हिवाळा संपता संपता, लातूरच्या शर्यतीत. तुम्ही दिंद्रुडला राहता. घरचं भांड्यांचं दुकान आहे, सासू-सासरे आहेत, शाळेत जाणारी मुलगी आहे, आणि तुम्ही बाई आहात. आता सरावाचा बेत आखून बघा. पळणार कुठं? शाळेच्या मैदानावर पहाटे पोलीसभरतीची पोरं असतात, तिथं तुम्ही गेलात की ती पोरंच बिचारी अवघडतात. मग उरतो तेलगावकडे जाणारा रस्ता. त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या, म्हणून त्या सुरू व्हायच्या आत जाऊन यायचं. ज्या दिवशी नळाला पाणी सुटणार त्या दिवशी त्याच्याही आधी. पळताना घालायचं काय, ओढणी कुठं खोचायची, कुत्री अंगावर आली तर दगड आधीच उचलून ठेवायचा का, हे सगळं तुमचं तुम्हालाच ठरवायचंय. आणि सोबत? सोबतीला कोणी नाही. सोबत फोनमध्ये आहे.

वर्षाराणी हे सगळं दोन वर्षं करते आहे.

तिची सोबत म्हणजे कावेरी आणि प्रियदर्शनी. बीडला महिला दिनाच्या दौडीत तिघी सगळ्यात मागे राहिल्या आणि मागे राहता राहता बोलत्या झाल्या. कावेरी शिरूर कासारला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर तिचे निम्मे विद्यार्थी आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, तेव्हा रिकाम्या शाळेच्या पटांगणात ती फेऱ्या मारते. प्रियदर्शनी वयानं लहान. मांजरसुंब्याला वडिलांच्या ढाब्याचा गल्ला सांभाळते आणि सकाळी घाटात चढ पळते. तिघींच्या ग्रुपचं नाव ‘लातूर एकवीस’. रविवारी संध्याकाळी त्या पुढच्या आठवड्याचा बेत करतात: कोणी किती पळायचं, कोणत्या दिवशी आराम, पुढची शर्यत कोणती, तिथं जायला गाडी कोणाची. पळण्याच्या ॲपवर तिघी एकमेकींना जोडलेल्या आहेत. एकीनं पळून ‘सेव्ह’ केलं की बाकी दोघींना तिचा नकाशा दिसतो, वेग दिसतो, कुठं थांबली तेही दिसतं. कोणी बुडवलं की कावेरीचा टोमणा ठरलेला, “काय बाई, पाहुणे आले का पाय मोडला?”

घरात वर्षाराणीच्या पळण्याला विरोध नव्हता, पण परवानगी अटीवर होती. सासरे भीमाशंकर, ज्यांना सगळा बाजार अप्पा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “पळ. तब्येतीला चांगलं हाय. पन तुज्या पळन्यापायी ज्या दिवशी आपल्या दारात गोष्ट आली, त्या दिवशी बंद.” ते चिडून बोलले नव्हते. भांड्याची किंमत सांगावी तसं सांगितलं होतं, आणि त्यांच्या दुकानात घासाघीस चालत नाही. नवरा राजेश्वर पहाटेच टेम्पो भरून आठवडी बाजारांना निघतो. तो तिच्या बाजूचा होता, पण अप्पांच्या शब्दापुढे जाणारा नव्हता.

मग पावसाळ्यानंतर अंबाजोगाईच्या दहा किलोमीटरमध्ये तिचा तिच्या वयोगटात तिसरा नंबर आला, आणि तिचा दीर सिद्धाराम याला राहवलं नाही.

आमच्याकडे आनंद झाला की फ्लेक्स लागतो. नोकरी लागली, पोरगं झालं, म्हैस प्रदर्शनात पहिली आली, सगळ्याला फ्लेक्स. सिद्धारामचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथंच तो फ्लेक्सची डिझाईनही करून देतो. वहिनीचा फ्लेक्स त्यानं रात्रंदिवस खपून केला. वर अप्पांचा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या तीन रांगा, मधोमध वर्षाराणी. पळतानाचा फोटो घरी कोणाला पसंत पडला नाही, म्हणून लग्नातला, शालू नेसलेला. आणि कोपऱ्यात, हे काम त्याला फार आवडलं होतं, एक क्यूआर कोड. त्याखाली लिहिलं होतं: ‘स्कॅन करा आणि वहिनीसाहेबांची घोडदौड स्वतः पहा.’

स्कॅन केलं की ॲपवरचं वर्षाराणीचं पान उघडायचं. त्यात तिचा अंबाजोगाईचा निकाल होता. निकालाखाली तिची रोजची प्रत्येक पहाट होती. दुकानाच्या दारापासून सुरू होणारी नारिंगी रेघ, निघायची वेळ, पुलापर्यंत जाऊन परत. ॲपमध्ये हे झाकून ठेवायची सोय असते, पण ते पान उघडं होतं. तिघींना एकमेकींचं दिसावं म्हणून त्यांनी सुरुवातीलाच ते उघडं केलं होतं आणि विसरून गेल्या होत्या. सिद्धारामला वाटलं, वहिनीचं कौतुक आकड्यांनिशी व्हावं. तो फ्लेक्स बसस्टँडच्या चौकात लागला.

पहिले काही दिवस मजेचे गेले. पुण्यातल्या चुलतभावानं शाबासकी दिली, बाजारातल्या बायका वजनकाट्यापाशी थांबून ‘आमाला बी शिकव’ म्हणाल्या. ॲपवर अनोळखी नावं वाढली. त्यात एक नाव होतं ‘शुभचिंतक’. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल.

एका सकाळी त्या शुभचिंतकानं तिच्या पळण्याखाली लिहिलं, ‘आज पुलापाशी थांबलात. दम लागला का?’

ती थांबली होती खरी. बुटाची नाडी सुटली होती. तिनं ते वाक्य पुसून टाकलं. दोन दिवसांनी आलं, ‘गुरुवारी लवकर निघता तुम्ही.’ गुरुवारी नळाला पाणी असतं. मग आलं, ‘एकट्याच पळता. भीती वाटत नाही का?’

यात शिवी नव्हती, घाणेरडं काही नव्हतं. पोलिसांना दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, यात तक्रार कशाची? पण मुळात ते दाखवायचं म्हणजे घरात सांगणं आलं, आणि घरात सांगणं म्हणजे गोष्ट दारात येणं. लातूर तर गेलंच, आणि दिवसातला तेवढाच वेळ, ज्यात तिला कोणी हाक मारत नाही, तोही गेला. तिनं घरात अवाक्षर काढलं नाही. सिद्धारामला फक्त म्हणाली, भावजी, फ्लेक्स उतरवा आता, पुरे झालं कौतुक. त्याला वाईट वाटलं. शेवटी कोणा अभिमन्यूदादांचा वाढदिवस आला आणि त्यांच्या फ्लेक्सखाली हा झाकला गेला. पण तोवर ज्यांनी स्कॅन करायचं त्यांनी केलं होतं.

तिनं सांगितलं ते फक्त मैत्रिणींना. प्रियदर्शनीचं म्हणणं सरळ होतं: ब्लॉक कर, पान बंद कर, विषय संपला. वर्षाराणीला ते पटलं नाही.

“ब्लॉक केला तर फोनमधून जाईल,” ती म्हणाली. “रस्त्यावरून जाईल का? मला आधी हे कळायला पायजे की तो नकाशा बघून बोलतोय का मला बघून.”

प्रश्न बरोबर होता. तो जे जे लिहीत होता ते सगळं नकाशावरून कळण्यासारखं होतं. माणूस दुबईत बसूनही लिहू शकला असता. आणि पुलाच्या कठड्यावर बसूनही.

त्या दिवसांतलं पळणं तिच्या लक्षात राहिलं आहे. रस्ता तोच होता, माणसं तीच होती, आणि ती सगळ्यांकडे संशयानं बघायला लागली होती. पुलाअलीकडे धुळाजी म्हणून एक म्हातारा मेंढरं घेऊन बसतो. दोन वर्षं ती गेली की तो काठी वर करायचा आणि ती हात वर करायची. आता तिनं हात वर करणं सोडलं. धुळाजीकडे साधा बटणांचा फोन आहे हे तिला माहीत होतं, तरी सोडलं. दोनतीन दिवस त्यानं काठी वर केली, मग त्यानंही सोडली. चहाच्या टपरीवरचा पोरगा, ट्रॉलीवर झोपलेला ड्रायव्हर, दात घासत उभा राहिलेला माणूस, कोणीही तिच्याकडे बघितलं तर तिला वाटायचं, हाच. नाही बघितलं तरी वाटायचं, हाच, आता मुद्दाम बघत नाही. तिचा वेग वाढला होता. कावेरीला ॲपवर ते दिसत होतं.

कावेरीनंच मग एक युक्ती काढली. मास्तरीणच ती, परीक्षा घ्यायची सवय. वर्षाराणीनं आपल्या ॲपचा पासवर्ड तिला द्यायचा. रविवारी पहाटे कावेरी शिरूरच्या पटांगणात वर्षाराणीच्या नावानं पळणार. म्हणजे नकाशात वर्षाराणी शिरूरला. त्याच वेळी खरी वर्षाराणी फोन घरी ठेवून नेहमीच्या रस्त्यानं पळणार. तो नकाशा बघणारा असेल तर शिरूरबद्दल काहीतरी लिहील. रस्त्यावरचा असेल तर गोंधळेल, नाहीतर पुलाबद्दल लिहून सापडेल. शनिवारी संध्याकाळी तिघींनी ग्रुपवर हे सगळं लिहून ठरवलं: निघायची वेळ, फेऱ्या, सगळं. प्रियदर्शनीनं जेवणानंतर बघून सांगितलं, जास्वंदीचं फूल जागेवर आहे. परवाच्या पळण्याला अंगठाही दिलाय.

रविवारी वर्षाराणी रिकाम्या हातानं पळाली. फोन नाही, तर खिसा हलका वाटायला हवा होता. तिला उलट वाटलं, आता काही झालं तर ती कुठं होती हे कोणालाच कळणार नाही. पुलावर कोणी नव्हतं. धुळाजीसुद्धा नव्हता. ती वळली आणि परत आली.

घरी येऊन तिनं फोन उघडला. कावेरीचं पळणं तिच्या नावावर चढलं होतं, शिरूरच्या पटांगणातला नारिंगी गोळा. त्याखाली कोणाचं काही नव्हतं. दुपारपर्यंत वाट बघितली. मग प्रियदर्शनीनं त्याचं पान उघडायला घेतलं तर ते पानच नव्हतं. शुभचिंतक नावाचं खातं पुसलं गेलं होतं. पहाटे पळायच्या आधी कावेरीनं बघितलं तेव्हाही ते फूल यादीत सापडलं नव्हतं, पण तिला वाटलं होतं, रेंज नसेल. आधी टाकलेले त्याचे अंगठेही गेले होते.

“भ्याला,” कावेरीनं लिहिलं. “गेला. सुंठीवाचून खोकला गेला, वर्षे.”

प्रियदर्शनीनं नाचणाऱ्या बाईचं चित्र टाकलं.

वर्षाराणी कणीक मळत होती. ती ओट्यावर तशीच ठेवून तिनं लिहिलं, “पण भ्याला कावून? त्याला काय म्हाईत आपण काय ठरवलंय?”

दोघींनी वेळा जुळवून बघितल्या. युक्ती ठरली शनिवारी संध्याकाळी. ती तिघींखेरीज कोणाला माहीत नव्हती. रात्री जेवणानंतर खातं होतं, पहाटे नव्हतं.

मग फोन झाला, तिघींचा एकत्र. कोणी कोणावर आरोप केला नाही, पण प्रत्येकीनं आपणहून सांगायला सुरुवात केली. कावेरी म्हणाली, माझा फोन संध्याकाळी मुलाकडे असतो खेळायला, आणि झोपताना हे एकदा चाळतात, लग्नापासूनची सवय आहे, मी काही म्हणत नाही. प्रियदर्शनी म्हणाली, माझा तर गल्ल्यावरच पडलेला असतो, पैसे आले का बघायला वेटरपासून आचाऱ्यापर्यंत सगळे उचलतात, लॉकच ठेवला नाही. मग दोघी वर्षाराणीची वाट बघत थांबल्या. तिचा फोन सिद्धारामनं घेऊन दिलेला, लॉक त्यानंच लावून दिलेला. सासूबाई उमाबाई त्यावर भजनं ऐकतात, तेव्हा लावून द्यायला शेजारची पोरं येतात. अप्पांचे बाजारभावाचे मेसेजही त्यावरच येतात. अप्पा वाचतात तर सगळंच वाचत असतील का, हे तिच्या मनात आजवर आलंच नव्हतं.

“माझाबी तसाच,” एवढंच ती म्हणाली.

आता पान बंद आहे. नकाशा फक्त दोघींना दिसतो. नवीन काही आलेलं नाही. अप्पांच्या दारात गोष्ट आली नाही, म्हणून पळणं चालू आहे. लातूरची नावं नोंदवून झाली आहेत आणि प्रियदर्शनीच्या वडिलांची गाडी ठरली आहे. पण रविवारचा बेत आता लिहून होत नाही. फोनवर बोलून ठरवतात, तेही प्रत्येकीनं घरातून अंगणात निघून आल्यावर. ग्रुपवर फक्त किलोमीटरचे आकडे येतात. कावेरीचे टोमणे बंद झाले आहेत. वर्षाराणी सांगते, पहिल्यांदा मी रस्त्यावरच्या माणसांकडं बघत होते. आता जेवायला बसले की ताटावरून एकेकाकडं बघते. सिद्धाराम ‘भाजी वाढा’ म्हणाला की त्याच्या बोटांकडं बघते, आणि मग स्वतःचीच लाज वाटते, कारण त्यानं तर फ्लेक्स लावला होता, कौतुकानं.

मी त्यांच्याच गल्लीतला, कंप्युटर शिकलोय हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिनं मला ग्रुप उघडून दाखवला. शनिवारच्या त्या मेसेजवर निळ्या खुणा होत्या, दोघींनी वाचल्याच्या. खुणेमागं कोणाचे डोळे होते ते फोन सांगत नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पण फोन मागे घेतला नाही.

“तो कोन व्हता, ते एकवेळ न्हाई कळालं तरी चालंल,” ती म्हणाली. “पन एवढं सांगा. आमच्या तिघींच्या या ग्रुपमदी नेमकं कोन कोन हाय?”