अंगणवाडी ओतून दाखवली

मंडळी, चहा आधी पिऊन घेऊ. हा किस्सा सांगताना माझं चहाकडे लक्ष राहत नाही आणि कप माझ्याच मांडीवर येतो. वयामुळे नाही हो, धक्क्यामुळे. पावसाळा उलटला तरी तो उतरलेला नाही. असा मूर्खपणा आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल.

मी हमाल माणूस. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात उभी हयात पाठीवर गोण्या वाहिल्या. शाळेत कधी गेलो नाही. आता तुर्भ्याला आमच्या वस्तीत एका खोलीची अंगणवाडी आहे, तिथं माझी नात परी जाते आणि मी दारात खुर्ची टाकून राखण करतो. मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलरवर, सून बाजारात कांदा निवडायला. अंगणवाडी बंद पडली तर परीला सांभाळणार कोण? मी सांभाळेन, पण ती धावते आणि मी धावत नाही. म्हणजे सुनेचं काम सुटलं. वस्तीतल्या निम्म्या बायकांची हीच गत.

तर एक दिवस अंगणवाडीच्या वैशालीताई सकाळीच माझ्या दारात. तोंड उतरलेलं.

"आबा, आज तपासणी आहे. पोरांच्या सुरक्षेची. वरच्या मॅडम येतायत. पलीकडच्या वस्तीतली अंगणवाडी त्यांनी बंद करायला लावली, ऐकलं ना?"

"मग आपल्या इथं काय वाईट आहे?"

"चांगलं काय आहे ते विचारा. मला तर टेन्शनने रात्री झोप नाही."

ताईंनी दुरुस्तीसाठी ऑफिसात किती खेटे घातले ते मला ठाऊक होतं. म्हणून मीही हात लावला. विजेच्या बोर्डाची वायर उघडी होती, तिच्यावर हत्तीचं मोठं चित्र टांगलं. गॅस पोरांच्याच खोलीत साडीच्या पडद्याआड असायचा, तो उचलून माझ्या घरी नेला. मदतनीस मंगलही खिचडी शिजवायला तिकडेच गेली. आग विझवायचं लाल नळकांडं नव्हतंच, ते गोडाऊनच्या वॉचमनकडून संध्याकाळपर्यंत उसनं आणलं.

"आता मी नाक्यावर जाते," ताई म्हणाल्या. "मॅडमची गाडी गल्लीत शिरायची नाही. पाच मिनिटं पोरांकडे बघा. कुणी आलं तर गोड बोला."

गोड बोला. बिचारीनं एवढंच सांगितलं होतं.

ताई नाक्यावर गेल्या आणि उलट्या बाजूनं, नाल्यावरच्या फळीवरून, एक बाई चालत आली. घामाघूम. पायात रबरी चप्पल, खांद्याच्या पिशवीतून जेवणाचा डबा डोकावतोय, गळ्यात पट्टा आणि कार्ड. तुम्ही म्हणाल, आबा, कार्ड दिसलं तरी कळलं नाही? अहो, आमच्या वस्तीतून ऐरोलीच्या कंपन्यांत लादी पुसायला जाणाऱ्या सगळ्या पोरींच्या गळ्यात कार्ड असतं. कार्ड म्हणजे लादीवाली, एवढंच माझं शिक्षण.

"अंगणवाडी हीच ना?" तिनं विचारलं.

"हीच पोरी. ये. लेकरू आहे का तुला?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "आहे. तीन वर्षांची मुलगी."

"मग अंगणवाडीचं अगदी बरोबर वय आहे."

तिनं आत नजर फिरवली. "मुलं इथं सुरक्षित असतात का हो, आबा?"

आता इथं तुम्हाला बाजारातली एक रीत सांगायला हवी. गोणीच्या तोंडाला चांगला कांदा आणि पोटात सडका, हे गिऱ्हाइकाला पाठ असतं. त्यामुळे आमचा जुना शेठ वरचा माल दाखवायचाच नाही. मला म्हणायचा, "ओत." मी गोणी पालथी करायचो आणि शेठ सडका कांदा स्वतः वेचून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. सडका हातात आला की गिऱ्हाईक डोळे मिटून गाडी भरायचं. जन्मभर हेच बघितलेलं. मला वाटलं, पोरगी बिचकलीय, हिचा विश्वास बसवायचा तर ओतलंच पाहिजे.

मी उठलो आणि हत्ती उचलला.

"ही बघ वायर."

ती दोन पावलं मागं सरकली. "ही उघडी आहे?"

"कधीची. पण पोरांना माहीत आहे, सकाळीच पाठ करून घेतलंय. काय रे पोरांनो, हत्तीच्या पोटात काय?"

"करंट!" सगळी एका सुरात.

बाईचं तोंड उघडं ते उघडंच. मला वाटलं, माल पसंत पडतोय.

"आणि हे लाल नळकांडं उसनं आहे." मी ते एका हातानं उचललं. "रिकामं."

"रिकामं?"

"मग? भरलेलं असतं तर पोरांनी एकमेकांवर फवारलं असतं. म्हणजे धोकाच नाही."

"आणि स्वयंपाक कुठं होतो?"

"इथंच, या पडद्यामागं. आज तपासणीपुरता गॅस माझ्या घरी आहे. उद्या परत."

"म्हणजे रोज मुलांच्या शेजारी शेगडी?"

"चांगली हातभर लांब."

"आणि आत्ता एवढ्या मुलांकडे बघतंय कोण?"

मी छाती पुढं काढली. "मी."

तिनं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "आणखी काही दाखवायचं राहिलंय, आबा?"

बाजारात गिऱ्हाईक "आणखी" म्हणालं की सौदा झाला समजायचं. मी खिडकीचा निखळलेला गज काढून तिच्या हातात दिला. मोरीवरची फळी पायानं सरकवून भोक दाखवलं. वर म्हणालो, "घाल पोरीचं नाव. ताईंना मी सांगतो. फक्त त्या तपासणीवाल्या मॅडमसमोर यातलं काही बोलू नकोस. बाई फार खडूस आहे म्हणतात."

तेवढ्यात ताई धापा टाकत आल्या. बाईकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"मॅडम, तुम्ही... मी तिकडे नाक्यावर..."

"मी मागून चालत आले," बाई म्हणाल्या. "आबांनी सगळं दाखवलं."

पाठीवर गोणी असताना पाय घसरला की एक क्षण जमीन खाली नसते. तसं झालं. एका बगलेत हत्ती, दुसऱ्या हातात नळकांडं, आणि मॅडमच्या हातात खिडकीचा गज. ताईंनी हत्तीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

"मॅडम, म्हातारं माणूस आहे," ताई कशाबशा म्हणाल्या. "काहीही बोलतात."

"मग ही वायरही काहीही बोलतेय का?"

मला माझी सून दिसायला लागली, काम सुटलेली. मी पुढं झालो. "बाईसाहेब, बंद नका करू. ताईंनी ऑफिसात सांगून सांगून चपला झिजवल्या. कुणी फिरकलं नाही. मग झाकायचं नाही तर काय करायचं?"

मॅडमनी ताईंना विचारलं, कुणाला सांगितलं होतं. ताईंनी नाव सांगितलं. मॅडमनी तिथंच त्या साहेबाला फोन लावला, आणि काय झापलं म्हणता. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हो आबा, खडूसच बोलतेय."

अंगणवाडी बंद झाली नाही. दुरुस्ती होईपर्यंत पोरं बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बसली, गॅसला बाहेर वेगळी शेड मिळाली आणि सुनेचं काम टिकलं. ताई माझ्याशी बोलायला लागल्या त्या मात्र वीज नीट झाल्यावरच.

पण त्या दिवशी मॅडम जायला निघाल्या तेव्हा दारातल्या खुर्चीला अडखळल्या. खाली बघितलं, मग परत आत वळल्या.

"ताई, सगळ्यात मोठा धोका तर दाखवायचा राहिलाच."

मी चक्रावलो. सगळं तर ओतलं होतं.

"उद्या आग लागली तर मुलं पळणार कुठून? बाहेर जायला दार एकच. आणि त्या दारात दिवसभर खुर्ची टाकून कोण बसतं?"

ताईंनी नजर छताकडे वळवली. पोरं कशाला गप्प बसतील?

"आबा," सगळी म्हणाली. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या परीचा.