मोत्यांच्या वेलीचा चोर

आमच्या चंडीगढच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीत मी मोत्यांची वेल टांगली होती. हिरव्या वाटाण्यांच्या माळा लोंबाव्यात तशी ती दिसते. दाणे जरा सुरकुतले की मगच पाणी द्यायचं, उगाच लाड केले की मुळं कुजतात. माझ्याकडे ती छान वाढली होती.

एक दिवस एक माळ आखूड दिसली. टोक कात्रीनं कापल्यासारखं सरळ.

पहिला संशय शेजारच्या पंजाबी आंटींवर. त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या, "भाभीजी, पौधा तो चोरी का ही अच्छा लगता है." झालं! त्या चहाला आल्या की माझी नजर त्यांच्या पर्सवर. पुढे त्या मुलाकडे लुधियान्याला गेल्या, तरी माळा आखूड होतच राहिल्या. म्हणजे चोर घरातलाच.

मुलीला दरडावलं. "मम्मा यार, मैं क्यों काटूँगी?" तिचं खरं वाटलं. दर बदलीला शाळा बदलून ही पोर घुमी झाली होती. इथे आता कुठे तिच्या मैत्रिणी घरी येऊ लागल्या होत्या. तिची बारावी होईपर्यंत हलायचं नाही, असं नवऱ्यानं मला कबूल केलं होतं. म्हणून तर मी ही वेल आणली. नाहीतर बदलीवाल्या घरात इतकं नाजूक झाड कोण लावतं?

उरला नवरा. त्यानं जन्मात कधी झाडाला हात लावला नव्हता. पण रविवारी मागच्या बाल्कनीत, कूलरच्या आड, मला चहाचे कागदी कप सापडले. प्रत्येकात रेताड माती, तिच्यावर गोल गुंडाळून ठेवलेला माळेचा तुकडा. काहींनी मुळं धरली होती.

मी एक कप त्याच्यापुढे आपटला. "हे काय?"

"मोठी कुंडी ट्रकमध्ये टिकत नाही गं. मागच्या वेळी जास्वंद मोडली तेव्हा किती रडलीस. हे कप मांडीवर घेऊन जाता येतील."

म्हणजे पुन्हा बदली! "कधीपासून माहीत आहे तुला?"

"होळीपासून."

आतल्या खोलीत मुलगी फोनवर मैत्रिणीशी पुढच्या वर्षीची ट्यूशन ठरवत होती, मोठमोठ्यानं हसत.

"हिला सांगितलंस?"

"मला नाही जमणार. तू सांग."

इतका संताप आला की रडूही फुटेना. "कबूल तू केलं होतंस," मी म्हटलं आणि त्याला हाताला धरून उठवलं.

तो आत गेला, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तिचं हसणं थांबलं.