साडभाऊ आणि अबोल पंप

विजेच्या मोटरीची प्रकृती माणसाच्या प्रकृतीपेक्षा नाजूक असते आणि तिची विचारपूस माणसाच्या आधी करायची असते, असं मनापासून मानणारा गृहस्थ उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझाच साडू असावा हा माझ्या पत्रिकेतला योग म्हणायचा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना साडभाऊ म्हणतो. मला शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ते मला मास्तरच म्हणतात. वरठीला कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि उरलेलं आयुष्य घराच्या ओसरीवर जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देण्यात चाललं आहे. मी त्यांच्याकडे गेलो की ते ‘या, बसा’ म्हणत नाहीत. ‘तुमच्या बोरिंगची मोटर काय म्हणते?’ असं विचारतात. ती ठीक आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग सावकाश, जमल्यास, माझ्या मधुमेहाकडे ते वळतात.

त्यांचं निदान करण्याचं हत्यार म्हणजे एक लांब पेचकस, म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू मोटरीवर ठेवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं हुंकार देत बसायचं. अड्याळला एकदा आम्ही एका नातलगाच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. घरात बायका रडत होत्या, पुरुष खाली माना घालून बसले होते, आणि अंगणातली मोटर पाणी उपसत होती. साडभाऊ थोडा वेळ बेचैन होऊन चुळबुळले, मग उठलेच. आम्हाला वाटलं, गहिवरून आलं असेल. दहा मिनिटांनी हात पुसत आत आले आणि गेलेल्या माणसाच्या मुलाला हळूच म्हणाले, “बेअरिंग कोरडं पडलं होतं, बापा, ग्रीस भरलं. आठ दिवसांत जळली असती.” मुलाने भर दुःखात त्यांचे हात हातात घेतले. लग्नात तर ते नवरदेवापेक्षा जनरेटरजवळच जास्त सापडतात, आणि अक्षता तिथूनच टाकतात.

पण त्यांची खरी भक्ती दिसते ती पोळ्याला. घरचे बैल केव्हाच गेले; शेतातलं पाणी आता मोटर ओढते. म्हणून साडभाऊ पोळ्याच्या दिवशी मोटरीला हळदकुंकू लावतात, गोंड्यांची माळ घालतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि दिवसभर तिला बटण लावू देत नाहीत. “बैलाले सुट्टी असते नं? मंग मोटरीनं काय घोडं मारलं?” असा त्यांचा सवाल असतो. माझी मेहुणी आदल्या दिवशीच घरातली सगळी भांडी भरून ठेवते. चाळीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाशी भांडण करण्याऐवजी पिंपं वाढवली.

अशा माणसाचा कानच दगा देऊ लागला. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याने मोटर आणली. साडभाऊंनी पेचकस लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, “काई नाई झालं. गानं म्हणून राहिली. घेऊन जा.” ऐन धानाच्या रोवणीत ती मोटर जाम झाली. शेतकरी भला माणूस, भांडायला आला नाही. त्याने फक्त मोटर दुसरीकडे नेली. गावात अशी गोष्ट सांगावी लागत नाही. पुढच्या काही महिन्यांत ओसरी रिकामी झाली. साडभाऊ सकाळी आंघोळ करून, पेचकस पुसून बसायचे आणि संध्याकाळी उठायचे. ऐकू कमी येतं हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला सगळ्यांनाच ते माहीत होतं.

त्याच सुमारास माझ्या मुलाने नाकाडोंगरीच्या बाजूला, जंगलाकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि एक पोहण्याचा तलाव बांधला. तलावांच्या जिल्ह्यात विकतचा तलाव कशाला, म्हणून सगळ्या गावाने आमची खेचली. तलावासाठी त्याने नव्या तऱ्हेचा पंप आणला होता. त्याचा वेग हवा तसा कमीजास्त होतो, आणि भिंतीवरचा एक कंट्रोलर त्याला वेळेवर हुकूम सोडतो. शनिवारी पहिले पाहुणे येणार होते. जोडणीसाठी मुलगा नागपूरहून माणूस बोलावणार, तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. “भाऊजी, हे काम यांले करू द्या. हेही हातून गेलं तर ते हत्यारं बांधून ठेवतीन. बोलून दाखवत नाई, पन मले समजते.” मी मुलाला दटावलं आणि बुधवारी साडभाऊंना घेऊन आलो.

त्यांनी पंपाला प्रदक्षिणा घातली. कंट्रोलरपासून पंपापर्यंत जाणारी केबल पाहून मात्र त्यांचा चेहरा पडला. तिच्यातल्या सुतळीएवढ्या दोनच तारा, एक हिरवी, एक पिवळी, पंपाला लावायच्या होत्या. “एवढ्याशा तारेनं मोटर हालन तरी का?” त्यांनी विचारलं. मी माहितीपुस्तक वाचून सांगितलं की ही तार वीज नेत नाही, नुसता निरोप नेते. “हाव का,” ते म्हणाले, आणि त्यांनी तारा जोडल्या. कंट्रोलर सुरू केला. त्यावर अक्षरं उमटली: पंप सापडत नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. हिरवीच्या जागी पिवळी लावून झाली, पिवळीच्या जागी हिरवी. नवी केबल आणली. नारळ फोडला. पंप आमच्या डोळ्यांसमोर, चौदा किलो वजनाचा, आणि कंट्रोलरला तो सापडत नाही! शुक्रवारी सकाळी मी नागपूरच्या इंजिनीअरला फोन लावून साडभाऊंकडे दिला. त्यांनी तो साप असल्यासारखा परत केला. “जो मिस्त्री फोनवर बोलते त्याच्यावर आपला भरोसा नाई. तुमीच बोला.” कारण काय ते मला ठाऊक होतं. मी बोललो. इंजिनीअरने एकच विचारलं, “पंपाला वीज चोवीस तास सुरू आहे ना? की मध्ये काही बसवलंय?”

मी भिंतीकडे पाहिलं. मध्ये साडभाऊंनी स्वतःच्या हाताने शेतातल्या मोटरीला असतो तसा स्टार्टरचा डबा बसवला होता. कंट्रोलरने इशारा दिला तरच पंपाला वीज जाणार, एरवी बंद. म्हणजे पंप दिसल्याशिवाय कंट्रोलर इशारा देत नव्हता, आणि इशारा आल्याशिवाय पंप जागा होत नव्हता. रुसलेल्या दोन व्याह्यांसारखे दोघे एकमेकांची वाट पाहत तीन दिवस बसले होते.

आता हे सांगायचं कसं? चूक त्यांचीच होती, आणि मुलगा दारात उभा होता. मी त्याला चहा सांगायला पिटाळलं आणि साडभाऊंच्या शेजारी उकिडवा बसून मोठ्याने विचारलं, “हा डबा काहून लावला जी?”

“काम नाई तवा अंगात करंट कायले? नांगर झाला का बैलाचं जू काढतेच नं आपन?”

“जू काढा. पण बैल गोठ्यात जिवंत तर पाहिजे. तुमी तर दरवेळी त्याचा जीवच काढून घेता. मेलेल्या बैलाले हाक ऐकू कशी येईन?”

‘ऐकू’ म्हणताच मी जीभ चावली. साडभाऊंनी डब्यावर बोट आपटलं. मग खो खो हसले. “आधी सांगाचं नं, मास्तर! तीन दिवस मुडद्याले हाका मारून राहिलो आपन!” मेन स्विच पाडून त्यांनी स्वतः डबा काढला, पंपाची वीज सरळ जोडली, आणि पंपाने कंट्रोलरचंच ऐकावं अशी सेटिंग मी पुस्तकात बघून पंपाच्या बटणांवर लावली. स्विच वर केला. कंट्रोलरवर अक्षरं आली: पंप जोडला. थोड्या वेळाने त्याने पंपाला अगदी मंद वेगाने सुरू केलं आणि तलावाच्या कडेला पाण्यावर बारीक सुरकुती उठली.

साडभाऊंची पाठ पाण्याकडे होती. त्यांनी पेचकस पंपावर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. हुंकार आला नाही. कान बदलला. तरीही नाही. डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, “तुमाले आवाज येते?”

येत होता. लांब कुठे भुंगा असावा तसा, पण स्पष्ट. “नाही जी,” मी म्हणालो. “या पंपाचा आवाज कोणालेच येत नाही.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पेचकस खाली ठेवला, तळहात पंपावर ठेवला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवला. “चालते,” ते म्हणाले. “मस्त चालते. आन तुमाले खोटं बोलता येत नाई, मास्तर. पोट्ट्यायले खरं बोलाले शिकवता शिकवता तुमचा हा धंदा बुडला.” आणि वर, “तुमच्या मेहुणीले सांगू नका. तिच्या जिवाले घोर लागन.” मी शब्द दिला.

शनिवारी पाहुणे आले आणि पोहले. मुलाने पाहुण्यांना ‘आमचे चीफ इंजिनीअर’ म्हणून साडभाऊंची ओळख करून दिली. रात्री साडभाऊंच्या घरी जेवताना मी मेहुणीला काहीही सांगितलं नाही. ती सगळं ओळखूनच बसली होती. पोळी वाढता वाढता ती सहज म्हणाली, “मले आजकाल कमी आयकू येते, भाऊजी. नागपूरले डॉक्टरले दाखवाचं हाय. पन मी काई एकटी जात नाई.”

साडभाऊंचा घास हातातच राहिला. तिचे ओठ बघून त्यांना ते नेमकं कळलं होतं. “एकटी काहून जाशीन? मी येतो नं!” मेहुणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, “तिथं गेलो का डॉक्टरले सांगतो, दोघायचेही कान पाहा म्हणून.”

मंगळवारी मी त्यांना सोडायला वरठी स्टेशनवर गेलो. गाडी यायची होती. बाकावर दोघं शेजारी बसले होते. साडभाऊ तिच्या कानाशी तोंड नेऊन, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात, डबा कुठे थांबेल, चढताना हात कसा धरायचा, डॉक्टरला भ्यायचं का नाही, हे समजावत होते. मेहुणीला शब्दन् शब्द ऐकू येत होता. ती दरवेळी मान वळवून “आं?” म्हणत होती, आणि ते न चिडता, पहिल्यापासून पुन्हा सांगत होते.