गाबोळीने फुगलेल्या माद्या

परवा मैत्रीण तिच्या किचनमध्ये गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, तळत होती आणि त्या वासाने मला मिशिगनमधलं एक गोठलेलं तळं आठवलं. तिथले पर्च मासे झपाट्याने कमी होत चालले होते, म्हणून त्या हिवाळ्यात माणशी दहाच मासे पकडायची परवानगी होती, आणि बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेल्यांच्या तंबूतंबूत जाऊन पकडलेले मासे मोजणं ही माझी पहिली नोकरी होती. एका तंबूत ओळखीचे काका निघाले, ॲन आर्बरला शिकताना दोन वर्षं मी दर रविवारी ज्यांच्याकडे जेवले ते. हीटरजवळ त्यांची बादली होती, गाबोळीने पोट फुगलेल्या माद्यांनी भरलेली. मी मोजल्या, तेवीस भरल्या. "अगं, तू घरचीच, दहा लिही ना," ते हसून म्हणाले. "नाही काका, तेवीसच लिहिणार. आणि दहा ठेवून बाकीच्या जिवंत आहेत त्या परत सोडायच्या." त्यांचं हसू गेलं. "माझ्या घरी जेवलीस आणि मलाच रूल्स शिकवतेस?" मी हातमोजे काढले आणि जास्तीची, तडफडणारी एकेक मादी बर्फातल्या भोकातून पाण्यात सोडली. त्यानंतर काकूंनीही माझा फोन उचलला नाही. त्यांच्या लेखी मी आजही कृतघ्न आहे. असू दे. त्या तळ्यात अजून मासे आहेत.