उचगावच्या माळावरचा मोशेचा मंडप

सेट बांधणाऱ्यांच्या टोळीत किस्से लाकडाच्या भुशासारखे साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात मूठभर उरतोच. त्यातले हे मोशेच्या मंडपाचे.

सत्तर सालच्या आसपास आमच्या कोल्हापूरच्या स्टुडिओत शूटिंग जवळजवळ बंद पडलं होतं. आमच्या टोळीचे म्होरके हुसेन मिस्त्री, त्यांनी साखर कारखान्यात वॉचमनच्या नोकरीसाठी अर्जसुद्धा लिहून ठेवलेला. तेवढ्यात मुंबईची एक टूरवाली पार्टी आली. ज्यू लोकांचा वाळवंटातला उपासनेचा मंडप, त्यांचा प्रेषित मोशे याच्या काळचा, तसाच उचगावच्या माळावर उभा करायचा. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, आणि ख्रिस्ती भाविक बसनं बघायला येणार. मंडप पास झाला तर जेरुसलेमचं अख्खं मंदिर बांधायचं काम पण आम्हालाच! नाहीतर मिस्त्री गेटवर काठी घेऊन उभे. पास करणार अब्राहम सर, अलिबागकडचे बेने इस्राएल, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

*

सरांच्या पोथीत सगळी मापं हातात. दहा हात उंची, तीस हात लांबी. एका बाजूची भिंत मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं मोजली. गडी सहा फुटी, तालमीत घुमलेला. दुसरी मोजली ठेंगण्या गणा सुतारानं. छत चढवलं तर अख्खा मंडप एका अंगाला कललेला.

सर चष्मा पुसत म्हणाले, "मोशेकडे एकच सुतार असावा."

*

सात फांद्यांचा दिवा हुपरीच्या कारागिरानं केला. पिढ्यान्‌पिढ्या पैंजण करणारं घर. दिवा झकास झाला, फक्त प्रत्येक फांदीला घुंगरू. सर म्हणाले, घुंगरू पुजाऱ्याच्या झग्याला असतात, दिव्याला नाही.

"मग झगा आणा की," कारागीर म्हणाला, "त्यालाबी लावतो."

*

मंडपातल्या आतल्या पडद्यावर पंखवाले राखणदार काढायचे होते. आमच्या दत्तू पेंटरनं काढले, पण झुपकेदार मिशांचे. सरांनी कपाळाला हात लावला. दत्तू काही हटेना. त्याचं म्हणणं, बिनमिशीच्या राखणदाराला कोल्हापुरात कोण भिणार?

*

गावातल्या बायका नारळ घेऊन आल्या. सरांनी शांतपणे समजावलं, की आमच्यात मूर्ती नसते. एका मावशींना सरांची दया आली.

"असू दे पावणं," त्या म्हणाल्या, "हुईल सावकाश."

*

मग इन्स्पेक्शनचा दिवस. सरांनी पहिल्यापासून बजावलं होतं, की पडद्यामागची खोली सगळ्यात पवित्र. वर्षातून एकदा मुख्य पुजारी आत जायचा, बाकी कुणी पाय टाकायचा नाही.

सर एकेक वस्तू तपासत पडद्यापाशी आले. सेटवाल्यांची जन्माची सवय, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच बांधायचं. सरांनी पडदा सारला. मागं चार बांबू आणि लांबवर उचगावचा ऊस.

"मिस्त्री, खोली कुठे आहे?"

मिस्त्रींना वॉचमनची काठी दिसायला लागली. तरी बोलले, "आत कुणी पाय टाकायचा न्हाय, असं तुमीच म्हनला न्हवं सर? मग बांधायला कोन जानार?"

सरांनी त्या मोकळ्या रानाकडं एकदा बघितलं. मग त्यांनी पडदा नीट ओढून घेतला, खिशातली प्रार्थनेची टोपी काढून डोक्यावर घातली आणि कागदावर लिहिलं, "पास."