याडीचा सूर

आमच्या बायकांचं रडणं ऐकून लोक हसतात. लेक सासरी निघाली किंवा माहेरचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं, की आम्ही एकमेकींच्या गळ्यात हात टाकून सुरात रडतो, आणि रडता रडता सगळी हकीकत सांगतो. कोण आजारी, सासू कशी वागते, सगळं त्या सुरात. त्याला आम्ही ढावलो म्हणतो. परक्याला वाटतं, बाया नुसता गळा काढतात. वाटू दे! त्या वाटण्यानंच मी वाचले, आणि हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचा तांडा घाटंजीच्या बाजूला. बैलांवर माल लादून फिरायचा जमाना केव्हाच सरला होता. बा कापूस पेरायचा आणि संध्याकाळी मोहाची प्यायचा. अशात एक नवा पंथ आला. कुठून तरी आलेले महाराज, पांढरे कपडे, नवा मंत्र. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्यांनी भलंच केलं. बाची दारू सुटली. ज्या हातानं याडीला, म्हणजे माझ्या आईला, मार बसायचा, त्या हातात जपमाळ आली. बघता बघता निम्मा तांडा पांढरा झाला.

मग हुकूम वाढत गेले. गोळी नाही, सुई नाही, नुसता अंगारा. बायकांनी फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, सोडून पांढरं लुगडं नेसायचं. एक बाई अंगाऱ्यावरच गेली असं गावात बोलत. पंथाचे लोक म्हणत, तिची श्रद्धा कमी पडली. खरंखोटं करता करता भावाभावांतलं बोलणं बंद झालं. याडीनं मात्र आरशांची कांचळी काही उतरवली नाही. "देवाले माहे आरसे टोचतात काय?" असं विचारायची.

बानं मला मठात सेवेला दिलं. मठ घाटंजीच्या बाहेर, बाजाराला लागूनच होता, आणि मीही नाचत गेले. तिथं आपल्या बोलीत बोलायचं नाही, घरचं नाव काढायचं नाही, जेवण एकवेळ. शेजारी झोपणारी माझी सोबतीण तापानं फणफणली. मी डॉक्टरचं नाव काढलं, तर मलाच दोन दिवस कोठीत कोंडलं. मग कानावर आलं की पुनव झाली की आम्हा पोरींना दूरच्या मोठ्या मठात नेणार. तिकडे गेलेली पोर परत आलेली कुणी पाहिली नव्हती. मी खूप भ्याले.

पुनवेच्या आधी याडी आणि बा भेटायला आले. एक सेवक मध्येच येऊन बसला. "मराठीतच बोला," म्हणाला. याडीनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. सेवक चुळबुळला, पण रडायला बंदी नव्हती. मी आमच्या बोलीतच सूर उचलला. याडी ये, माझी सोबतीण मरायला टेकली. याडी ये, पुनवेनंतर मला नेतील, मग तू मला कुठं शोधशील? याडीनं त्याच सुरात उत्तर दिलं. लेकी, बाजाराच्या दिवशी दाराशी राहा, मी एकटी येणार नाही.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बा शेजारीच बसलाय. सेवकाला नाही, पण त्याला शब्द न् शब्द कळत होता. मी सूर तोडला नाही, पण डोळा त्याच्यावरच ठेवला.

"काय म्हणून राह्यल्या ह्या?" सेवकानं त्यालाच विचारलं.

बाच्या बोटांतली माळ थांबली. मठात तो कधी खोटं बोलला नव्हता.

"काही नाही जी," तो म्हणाला, "आमची म्हैस मेली. तिच्यासाठी रडून राह्यल्या."

म्हैस! आमच्या घरी कधी म्हशीचं शेपूट दिसलं नव्हतं. मला रडता रडता हसू फुटलं, ते मी याडीच्या खांद्यात दाबलं.

बाजाराच्या दिवशी तांड्यातल्या सगळ्या बायका आल्या. पांढऱ्यात गेलेल्यांनीसुद्धा पेटीतून फेटिया काढल्या होत्या. मठाच्या दारात बसून त्यांनी असा ढावलो लावला की अख्खा बाजार धावत आला.

"कोण मेलं, बाई?" कोणीतरी विचारलं.

"अजून कोणी नाही!" याडी ओरडली. "पण आतमधी पोरगी तापानं मरून राह्यली, अन् हे दवाखान्यात नेऊ देत नाहीत!"

मग काय, गर्दीच दाराला भिडली. कडी निघाली तशी मी सोबतिणीला पाठीवर घेऊन बाहेर पडले. बा गाडी जुंपून उभा होता. दवाखान्यात तिला सुई टोचली आणि पोर जगली. पंथ भला की बुरा, यावर लोक पुढं कित्येक वर्षं भांडले. बानं माळ ठेवून दिली, पण दारूला पुन्हा शिवला नाही, हे मात्र मी सगळ्यांना सांगते.

पुढं माझं लग्न झालं. निघताना मी याडीच्या गळ्यात पडून सूर लावला. वऱ्हाडासोबत आलेल्या मराठी पाहुण्यानं बाला विचारलं, पोरगी काय म्हणते? बानं डोळे पुसले.

"म्हैस मेली," तो मोठ्यानं म्हणाला. सगळा तांडा हसला, आणि गळ्यात गळे घालून आम्ही मायलेकीही.