बुटका टायर आणि वैरागचं पोतं

गुडघा आखडल्यापासून बायकोला एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि माझ्या मोटारसायकलवर बसायचं तर पाट लागायचा. पाटावर चढून गाडीवर बसणं तिला लाजिरवाणं वाटे. त्यामुळे वैरागला, तिच्या माहेरी, आम्ही दिवाळीलाही गेलो नव्हतो. शेवटी मी मागचे शॉकअप आखूड बसवून घेतले. सीट खाली आली, ती आपली आपण बसली. पण दोघं बसलो की मागचा टायर मडगार्डला घासू लागला.

बुटका, म्हणजे कमी उंचीचा, टायर घ्यायला सोलापुरात टायरवाल्याकडे जाताना मी प्रश्न लिहून नेले होते. त्यात नसलेला प्रश्न तिनेच विचारला. "अहो, टायर बुटका घेतला की गाडी अजून खाली येणार. मग मडगार्डपण खाली येणार ना? फरक काय पडला?"

टायरवाल्याने बोटाने चाकाचा आस दाखवला. आस आणि मडगार्ड बरोबरच खाली येतात, पण टायरचा माथा आसाच्या जवळ सरकतो, म्हणून वरची फट वाढते. खालून मात्र सायलेन्सर जमिनीजवळ येतो, तेव्हा खड्डे सांभाळा, असंही तो म्हणाला.

मला फट मोजायची होती, पण माणसं बसल्यावर आत पट्टी जाईना. बायकोने घरून कणकेचा गोळा आणला होता. तो मडगार्डच्या आतून चिकटवायचा, दोघांनी बसून गाडी दाबायची, आणि काय उरलं ते पाहायचं. नेहमीच्या टायरने कणीक पार पिळून काढली. अरुंद, थोडा बुटका टायर बसवला, तेव्हा भाकरीएवढा थर राहिला. टायर स्वस्तही होता. मी खूश होऊन घ्या म्हणालो.

"आणि येताना?" तिने विचारलं. "आई मला मोकळ्या हातानं पाठवंल व्हय?"

माझ्या सगळ्या मोजमापात जाताना होतं, येताना नव्हतंच. शेजारच्या भुसार दुकानातून ज्वारीचं पोतं मागून आणलं, कॅरिअरला बांधलं, परत बसलो. कणकेतून मडगार्डचा पत्रा दिसला.

मग टायरवाल्याने माळ्यावरून एक रुंद, पण त्याहूनही कमी उंचीचा टायर काढला. कुणीतरी मागवलेला, पण न नेलेला. पोत्यासकट बसलो तरी पुरीएवढ्या जाडीची कणीक शाबूत राहिली. तोच घेतला.

वैरागला दोन दिवस राहून निघताना सासूबाई दारात पाट घेऊन आल्या. एवढ्या लांबून गाडीवर बसून कशी आलीस, याचंच त्यांना नवल होतं. बायको गाडीला हात लावून उभी होती.

"पाट आत ने, आई," ती म्हणाली. "पोतं आण."

सोलापूर जवळ येईपर्यंत मी एक कान मागच्या चाकाकडे ठेवला होता. घासल्याचा आवाज आला नाही. ती मागून विचारत होती, पुढच्या खेपेला थोड्या शेंगा पण बसतील का.